डाग, धोतर आणि पाच परीक्षक

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान होते, नवे कपडे अंगावर चढतात, देवाला आणि वडीलधाऱ्यांना नमस्कार होतात आणि मुले फराळाला बसतात. ती उठतात तेव्हा त्या नव्या कपड्यांचे वय उणेपुरे अर्धा तास असते. एवढ्यात चिवड्याचे तेल खिशाजवळ गेलेले असते, चकलीबरोबर घेतलेले लोणी बाहीवर आलेले असते आणि बेसनाच्या लाडवातले तूप मांडीवर आपला नकाशा काढून मोकळे झालेले असते. "अगं, आत्ताच घातला होता ना!" हे वाक्य त्या सकाळी महाराष्ट्रात किती घरांतून ऐकू येत असेल, याची गणती कोणी केलेली नाही.

महाविद्यालयात मी मराठी शिकवते. धुण्याच्या पावडरीवर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. तो भाषेपुरता आहे, आणि तेवढा आधी बजावून घेते. मराठीत कपडे धुणे ही एक क्रिया नव्हेच. कपडा आधी भिजत घालायचा, मग साबण लावून चोळायचा, मळकट असेल तर घासायचा, जाड असेल तर आपटायचा किंवा धोपटायचा, नाजूक असेल तर नुसता चुबकायचा, मग खंगाळायचा, पिळायचा, झटकायचा आणि दांडीवर वाळत घालायचा. इतकी क्रियापदे ज्या कामाला लागली, ते काम किती पिढ्यांच्या मनगटांनी केले असेल! आता यंत्राचे एक बटण दाबले की ही सारी क्रियापदे आतल्या आत गरगरतात. परवा वर्गात 'चुबकणे' म्हणजे काय असे विचारले, तर दोनच हात वर झाले, आणि ते दोन्ही वसतिगृहात राहणाऱ्या मुलींचे. 'डाग' हा शब्दही मोठा मजेदार आहे. प्रवासाला निघाले की सामानाचे पाच डाग मोजतात, दागिन्यालाही डाग म्हणतात. सोन्याचा डाग मिरवायचा आणि हळदीचा लपवायचा, अशी आपली रीत.

तर ह्या उन्हाळ्यात आमच्या घरी डागांचा जो रीतसर अभ्यास झाला, त्याचे कारण मात्र भाषेशी संबंध नसलेले होते. ते होते धाकटीचा डबा.

धाकटी तेव्हा तिसरीत होती. पोळी आणि बटाट्याची पिवळी भाजी म्हणजे तिचा जीव की प्राण. फेब्रुवारीच्या सुमारास हा डबा परत येऊ लागला. पोळी अर्धी खाल्लेली, भाजी जशीच्या तशी. विचारले तर "भूक नव्हती." पुढे तिने स्वतःच फर्मान काढले, "मला पोळी-साखर दे. काहीतरी कोरडं दे." मूल बारीक दिसू लागले तशी सासूबाईंनी दृष्ट काढली, ह्यांनी जंताचे औषध आणले. खरा प्रकार कळला तो शेजारच्या मुलीकडून, कारण ती धाकटीच्याच वर्गात आहे. वर्गात गणवेशाची तपासणी झाली होती. धाकटीच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर भाजीचा पिवळा अंगठा उमटलेला निघाला. तिला फळ्यापुढे उभे करण्यात आले आणि "तुमच्या घरी साबण नाही का?" असा प्रश्न सर्वांदेखत विचारण्यात आला. शाळेचे नाव मी सांगणार नाही. शाळा एरवी चांगली आहे, आणि असली तपासणी कोणत्या शाळेत होत नाही? पण आठ वर्षांच्या मुलीने त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. भाजी नाही, तर डाग नाही.

तिला समजावायला गेले तर ती रडली नाही, रुसली नाही. तिने एवढेच सांगितले, की दूरचित्रवाणीवर जी पावडर दाखवतात, ज्यात कपडा एकदा बुडवला की डाग दिसेनासा होतो, ती आण. म्हणजे मी भाजी खाईन. मुलाने जेवावे की नाही हे एका जाहिरातीच्या खरेपणावर येऊन ठरले, म्हणजे मग ती जाहिरात तपासून पाहणे भागच होते.

ह्या जाहिरातींचा इतिहास तसा फार जुना नाही. सासूबाईंच्या लहानपणी धुण्याच्या साबणाची लांबच लांब कांडी घरी यायची आणि ती दोऱ्याने कापून तिच्या वड्या करायच्या. पांढऱ्या कपड्यांना सोडा, शेवटच्या पाण्यात नीळ, सुती साड्यांना खळ, रेशमाला रिठा. आपल्याकडे १९५९ साली 'सर्फ' बाजारात आले आणि साबण किसून विरघळविण्याचा खटाटोप ज्यांना परवडला त्यांचा संपला. ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल ह्या सरकारी नोकरीतल्या रसायनतज्ज्ञाने घरच्या घरी पिवळी पावडर तयार केली, सायकलवरून विकली आणि तिला आपल्या मुलीच्या, निरुपमेच्या नावावरून 'निरमा' हे नाव दिले. मुलीच्या नावाची ती पावडर पुढे एवढी खपली की मोठमोठ्या कंपन्यांना स्वस्त पावडरी काढाव्या लागल्या. तिला उत्तर म्हणून १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर ललिताजी अवतरल्या. कविता चौधरी ह्या अभिनेत्रीने रंगवलेली ती ठसक्यातली गृहिणी माझ्या पिढीच्या मुलींना शाळेतल्या बाईंइतकी पाठ होती. थोडक्यात, पावडरीच्या गोष्टीत बाई आणि मूल ही पात्रे पहिल्यापासूनच आहेत. परीक्षक म्हणून मात्र त्यांना कोणी बोलावत नाही.

मे महिन्याच्या सुटीत आम्ही ते बोलावणे घरच्या घरी केले. परीक्षक पाच. आमचा थोरला, म्हणजे सातवीतून आठवीत गेलेले चिरंजीव, धाकटी, शेजारची दोघे बहीणभाऊ, आणि सासूबाई. डाग पाडायला कापड पांढरे, सुती आणि पुष्कळ वेळा धुतलेले हवे, असे ठरले, कारण कोऱ्या कपड्याला खळ असते आणि ती डागांच्या आड येते. असे कापड घरात कुठे आहे ह्याची चर्चा चालली असता सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि मामंजींचे एक धोतर घेऊन आल्या. मामंजींना जाऊन सहा वर्षे झाली. दोन धोतरे त्यांनी ट्रंकेत ठेवली होती. मी "आई, राहू द्या," म्हणाले तर त्या म्हणाल्या, "एक आहे अजून. आणि ह्यावर त्यांनी तरी काय कमी डाग पाडले होते? आमटी घेतली की पहिला थेंब धोतराला." त्यांनी स्वतःच्या हाताने ते फाडले. त्या आवाजाने मुलेही क्षणभर गप्प झाली होती.

धोतराचे पंचवीस तुकडे झाले. शिवाय धाकटीच्या आखूड झालेल्या शर्टाचे पाच, कारण शेजारच्या मुलाने बरोबर मुद्दा काढला, "काकू, शाळेचा शर्ट सुती कुठे असतो?" खरोखरच त्यात अर्धेअधिक पॉलिएस्टर असते, आणि पॉलिएस्टरला तेलाचे मोठे प्रेम, ते एकदा चिकटले की सुतापेक्षा चिवटपणे धरून बसते. हा मुलगा पुढे मोठा संशोधक होईल किंवा मोठा वकील. पावडरीची नावे परीक्षकांना कळता कामा नयेत, नाहीतर ज्याची जाहिरात आवडते त्याला तो गुण देईल, हाही आग्रह त्याचाच. म्हणून सासूबाईंनी स्वयंपाकघराचे दार लावून पावडरी पाण्यात कालवल्या आणि सारख्या तांब्यांत भरून बाहेर आणल्या. क म्हणजे नुसते पाणी, ख साबणाची वडी, ग आणि घ ह्या दोन पावडरी, एक स्वस्त आणि एक तिच्या अनेक पटींनी महाग, पण कोणती कोणती ते गुप्त. आणि च म्हणजे रिठ्याचे पाणी. ङ आम्ही गाळला. ज्या अक्षराने मराठीत शब्द सुरू होत नाही त्याने धुणे तरी कसे सुरू करावे?

डाग पाच: बटाट्याच्या भाजीचे तेल, आमरस, दुधाचा चहा, चॉकलेट आणि अंडे. अंड्याचे नाव निघताच सासूबाईंच्या कपाळावर जी आठी पडली ती पाहून तो विभाग शेजाऱ्यांच्या घरी हलविण्यात आला. प्रत्येक तुकड्यावर चहाचा एक चमचा, सारखा भरून. कोपऱ्यात ओळखीचे टाके थोरल्याने घातले, निळा दोरा पाण्याला, लाल वडीला, अशा रीतीने. पहिल्या तीन टाक्यांत त्याने बोट दोनदा टोचून घेतले, पण तिसाव्या तुकड्यापर्यंत त्याचा टाका माझ्यापेक्षा बरा पडू लागला होता. तुकडे रात्रभर वाळू दिले. मुलांच्या अंगावरचा डागही आपल्या हाती लागतो तो संध्याकाळी, वाळल्यावरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला मान भाजीच्या डागाला. तुकडे आपापल्या घमेल्यांत बुडाले आणि धाकटी किंचाळली, "आई, रक्त!"

ख, ग आणि घ ह्या तिन्ही घमेल्यांतला पिवळा डाग तांबडालाल झाला होता. साध्या पाण्यातला आणि रिठ्यातला मात्र पिवळाच. मुलांचे डोळे विस्फारले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "रक्त कसलं? हळदीला खार लागला. कुंकू कसं करतात मग?" आणि तेच खरे आहे. हळदीचा पिवळेपणा ज्या द्रव्यामुळे येतो त्याला करक्युमिन म्हणतात. त्याला चुना, सोडा, साबण असे काहीही खारट गोत्रातले भेटले की ते लाल होते, आणि लिंबू भेटले की पुन्हा पिवळे. मुरगळलेल्या पायावर हळद-चुन्याचा लेप लाल का दिसतो, ह्याचे कोडे तिथेच सुटले. मुलांनी लिंबू पिळून लाल डाग पिवळा केला, सोडा टाकून पुन्हा लाल केला, आणि हा खेळ लिंबे संपेपर्यंत चालला. साबण लावल्यावर डाग भडकला असे वाटून ज्या गृहिणी आणखी साबण घासत बसतात, त्यांच्यासाठी एवढे पुरे: तो डाग वाढलेला नसतो, त्याने नुसता वेष पालटलेला असतो. पाण्याने खंगाळले की तो पुन्हा पिवळा होतो.

पण पिवळा होतो, जात नाही. अर्धा तास भिजवून, प्रत्येक तुकडा मोजून वीस वेळा चुबकून पाहिला, तेव्हा पाचांपैकी एकाही तुकड्यावरची हळद पुरती गेली नव्हती. तेल मात्र गेले होते. घच्या तुकड्यावरून पुरते, गच्या तुकड्यावरून बरेचसे. शर्टाच्या तुकड्यांवर पाण्याने आणि रिठ्याने काढून उरलेली तेलाची छाया स्पष्ट दिसत होती. धाकटी हिरमुसली. "म्हणजे कुठल्याच पावडरीनं जात नाही?" तिचे सगळे गणित ह्या एका डागावर उभे होते.

तेव्हा सासूबाईंनी तुकडे गॅलरीत उन्हात टाकायला सांगितले. एक तुकडा शेजारच्या मुलाने कपाटात ठेवला, ताडून पाहण्यासाठी. पुण्यातले मे महिन्याचे ऊन ते. संध्याकाळी पाहतो तो पिवळेपणा निम्म्यावर आलेला, दुसऱ्या दिवशी मागमूस शोधावा लागे, तिसऱ्या दिवशी धाकटी नुसत्या पाण्यात धुतलेला तुकडाही नाचवीत आली. त्यावर तेलाची कड होती, पण हळद नव्हती. कपाटातला तुकडा जसाच्या तसा पिवळा. करक्युमिन प्रकाशात टिकत नाही, हे त्याचे कारण. तेल काढण्याचे काम पावडरीचे आणि रंग काढण्याचे काम सूर्याचे. आणि सूर्याची जाहिरात कोणी करीत नसल्यामुळे त्याचे श्रेय दांडीवरून उतरता उतरता पावडरीच्या खाती जमा होते. आमरसाचेही तसेच. साबणाने बहुतेक जातो आणि मागे राहिलेली पिवळसर झाक उन्हात विरते.

अंड्याची गोष्ट निराळी. तिथे गुपित फुटायची वेळ आली. शेजाऱ्यांकडे एक जादा तुकडा उकळत्या पाण्यात टाकण्यात आला होता, 'गरम पाण्याने सगळे जाते' ह्या समजुतीची परीक्षा म्हणून. तो डाग कपड्यावर शिजला. अंड्याचा पांढरा भाग साठ-सत्तर अंशांना गोठतो, मग तो भांड्यात असो की धोतरावर. दूध, अंडे, रक्त ह्या साऱ्या प्रथिनांच्या डागांना पहिले पाणी थंडच हवे. आणि कोमट पाण्यात तासभर भिजवल्यावर घचा तुकडा सोडला तर सगळ्यांवर काही ना काही खरखरीत शिल्लक होते. घवर काही नव्हते. चॉकलेटातही घनेच बाजी मारली.

हा घ म्हणजे महाग पावडर, असे सासूबाईंनी जाहीर केले. तिची करामत फेसात नसते. फेस तर स्वस्त पावडरीचाच अधिक होता. ती असते विकरांत, ज्यांना एन्झाइम म्हणतात. आपण खाल्लेले अन्न पोटात ज्या प्रकारच्या द्रव्यांनी तुटते, तशीच ही द्रव्ये कपड्यावरचे अन्न तोडतात: एक प्रथिनाला, एक पिठूळ पदार्थाला, एक स्निग्धाला. ही कल्पना ओटो र्‍योम ह्या जर्मन रसायनतज्ज्ञाची. १९१३ साली त्याने जनावरांच्या स्वादुपिंडातली विकरे धुण्यासाठी वापरण्याचे एकस्व घेतले. पुढे जंतूंपासून विकरे मिळवता येऊ लागली आणि १९६० नंतरच्या दशकात ती युरोपातल्या पावडरींत सर्रास आली. म्हणजे धुणे हे एक प्रकारचे जेवणच झाले, असे मी मुलांना म्हटले, तर थोरला म्हणाला, "मग पावडरीलाही जेवायला वेळ द्यायला हवा." अगदी बरोबर. पाच मिनिटांत घाईने घासून टाकले तर महाग पावडर आणि स्वस्त पावडर ह्यांत उरतो तो किमतीचा फरक. विकरांना कोमट पाणी आणि सवड लागते. यंत्रावरचे पंधरा मिनिटांचे झटपट धुणे अंड्याच्या डागाला दरवाजावरूनच नमस्कार करून परत येते.

चहाने वडीची फजिती केली. तुकडा अधिकच तपकिरी दिसू लागला, कारण चहातल्या टॅनिनला साबण मानवत नाही. महाग पावडरीत प्राणवायू सोडणारे द्रव्य असते, त्याने रंग फिकटला. जांभळाची परीक्षा आम्ही जूनमध्ये घेतली, आणि साबण लागताच जांभळा डाग निळा झालेला पाहून आता कोणी किंचाळले नाही. "हा पण वेष पालटतोय," एवढेच धाकटी म्हणाली.

एका संध्याकाळी थोरला कोपऱ्यावरच्या वाण्याकडून नोटा तपासायची जांभळी बत्ती मागून घेऊन आला. अंधारात ती फिरवली तर दोन्ही पावडरींचे तुकडे निळसर झगमगले, पाण्याचा आणि रिठ्याचा तुकडा मंदच राहिला. पावडरीत अशी द्रव्ये असतात की जी उन्हातला न दिसणारा प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात, आणि पिवळट कापड डोळ्याला पांढरे भासते. १९२९ साली पाउल क्राइस ह्या जर्मन शास्त्रज्ञाने घोडचेस्टनटच्या सालीतल्या एका द्रव्याने हा चमत्कार प्रथम दाखवला. आपली नीळ जुन्या काळी हेच काम निराळ्या मार्गाने करीत होती. पांढरे असणे आणि पांढरे दिसणे ह्यांत अंतर आहे, हे मुलांना कळायला बत्तीची मदत झाली. मोठ्यांनाही झाली.

ह्या साऱ्या उत्साहात शेजारच्या मुलीने आपला रेशमी परकर आणला. त्यावर श्रीखंड सांडले होते. महाग पावडरीत बुडवू या, म्हणाली. सासूबाईंनी तो तिच्या हातून ओढूनच घेतला. रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रथिने आहेत. जे विकर अंडे खाते ते रेशीमही कुरतडते. परकर रिठ्याच्या थंड पाण्यात चुबकला गेला आणि सावलीत वाळला. एकंदर गुणांत रिठा शेवटून दुसरा आला होता. त्याची जागा कुठे आहे ते त्या दिवशी कळले. ज्यांच्या कपाटात पैठणी किंवा आजीचा शालू आहे त्यांनी पावडरीच्या पाकिटावरची बारीक अक्षरे जरूर वाचावीत.

आमच्याकडे धुण्या-भांड्याला येणाऱ्या मावशी हा सगळा सोहळा रोज पाहत होत्या. एक दिवस त्या दांडीवरच्या तुकड्यांपाशी थांबून म्हणाल्या, "ताई, एवढं कशापायी? वाळायच्या आधी पाण्याखाली धरा की. उलट्या बाजूनं." सगळ्या परीक्षकांच्या मिळून महिनाभराच्या मेहनतीवर मावशींचे हे एक वाक्य भारी होते. डागावर सुलट्या बाजूने पाणी सोडले तर तो आत घुसतो, उलट्या बाजूने सोडले तर बाहेर पडतो. ताज्या डागाचा आम्ही मग वेगळा प्रयोग केला, आणि चहाचा ताजा डाग वाहत्या पाण्यानेच जवळजवळ गेला. त्याच वेळी धाकटीने मावशींचे तळहात पाहिले. बोटांच्या पेरांवर चिरा. "हे पावडरीनं?" तिने विचारले. "सोड्याच्या पावडरीनं. चार घरं असतात ना," मावशी म्हणाल्या. पावडर हाताने ढवळायची नाही, काठीने; हातमोजे घालायचे; आणि पाकीट उघडताना धूळ नाकात जाऊ द्यायची नाही, हे नियम आमच्या प्रयोगाच्या वहीत त्या दिवशी आले. नाकाचा नियम पोकळ नव्हे. १९६९ साली इंग्लंडमध्ये विकरांच्या पावडरीच्या कारखान्यातल्या कामगारांना दमा जडल्याचे उघडकीस आले, आणि तेव्हापासून विकरांचे लेप दिलेले दाणे करून ते पावडरीत घालू लागले. मावशींनी हातमोजे दोन दिवस घातले आणि तिसऱ्या दिवशी खिळ्याला टांगून ठेवले. त्यांत कपडा हाताला कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. घरातली पावडर आम्ही बदलली आहे. बाकीच्या तीन घरांचे काय, हा प्रश्न आहेच.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात धाकटीने भाजीचा डबा मागून नेला. शर्टावर यायचा तो डाग आला, पण तिला आता त्याचे भय नव्हते. चोळायचा नाही, टिपायचा, घरी आल्याबरोबर उलट्या बाजूने पाणी, मग पावडर, मग ऊन. वहीत चार ओळी होत्या आणि त्या तिच्याच हस्ताक्षरात होत्या. पण जुलै उजाडला. ज्यांनी पुण्यातला जुलै काढला आहे त्यांना सांगायला नकोच. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कपडे पंख्याखाली वाळतात आणि त्यांना कुबट वास येतो. चौथी ओळ निकामी झाली. खिशावरचा डाग फिका पण पिवळाच राहिला, आणि डबा पुन्हा अर्धा परत आला. महिनाभर कमावलेले एका पावसात जाणार, अशी चिन्हे दिसू लागली. सासूबाईंनी त्यावर त्यांच्या परीने इलाज केला. हळद न घालता, जिरे-मिरचीची, उपासाला करतात तशी पांढरी भाजी डब्यात जाऊ लागली. ती संपून येई. पण मला ते पुरेसे वाटेना, कारण भाजीला हळद नसणे वेगळे आणि पोरीच्या मनातून फळा जाणे वेगळे.

ऑगस्टात पुन्हा तपासणी झाली. शर्टावर तो जुना फिका डाग होताच. धाकटीला विचारणा झाली, तेव्हा ती म्हणाली, "बाई, हा उन्हात जातो. अजून ऊन पडलं नाही." हे मला पुन्हा शेजारच्या मुलीकडूनच कळले. बाई वर्गाच्या खिडकीतून बाहेरचा पाऊस पाहून हसल्या आणि पुढच्या बाकाकडे वळल्या, असे ती म्हणाली. त्या आठवड्यात धाकटीने आजीला सांगितले, "आता पिवळी कर."

एका डागापुढे मात्र आमची सगळी अक्षरे, क पासून च पर्यंत, हरली आहेत. तो कच्च्या केळ्याच्या चिकाचा. कोकणातल्या बायका केळफूल सोलताना हाताला तेल लावून घेतात ते उगीच नाही. चीक पडताना पाण्यासारखा असतो, मग हवेने तपकिरी होतो आणि काळा पडतो. वडी, दोन्ही पावडरी, रिठा, लिंबू, ऊन, सारे काही झाले. सासूबाई म्हणाल्या, की ह्याच्याही वर एक आहे, बिब्बा. परीट लोक कोणाचा कपडा कोणाचा हे ओळखण्यासाठी कोपऱ्यात बिब्ब्याची खूण करीत, कारण ती भट्टीतही जात नसे. साऱ्या गावाचे डाग काढणाऱ्याला स्वतःच्या कामासाठी मात्र न जाणारा डाग लागत असे! शेजारच्या मुलाने बिब्बा कुठे मिळतो ह्याची चौकशी चालवली आहे. बिब्ब्याने कातडीला फोड येतात, म्हणून मी तूर्त नकार दिला आहे. चिकाचा तुकडा मात्र गॅलरीच्या दांडीला चिमट्याने टांगलेला आहे आणि त्यावर तारीख घातली आहे, २१ मे. परवा ऊन लख्ख पडले म्हणून धाकटीने तो उलटा करून पुन्हा लावला.